आपट्याचें स्टेशन आणि खर्जाची तार

प्रवासवर्णन म्हटलें कीं काशी-रामेश्वर, काश्मीर, नाहींतर स्वित्झर्लंड व जपान यांचीं वर्णनें वाचावयास मिळतील, अशी वाचकांची अपेक्षा असते. दूरच्या प्रदेशांची गोडी आम्हांसही आहे. परंतु ज्या गांवावरून आपली आगगाडी वर्षांतून दोन-चार वेळां जाते आणि ज्याच्या नांवाची पाटी आपण खिडकींतून नुसती वाचून सोडून देतों, अशा एखाद्या गांवीं मुद्दाम उतरून एक दिवस घालविण्यांत जी मौज आहे ती निराळीच. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांतील आपटा हें असेंच एक गांव. पाताळगंगेच्या कांठीं वसलेलें, डोंगरांच्या कुशींत असलेलें, आणि मुंबईच्या इतकें जवळ असूनही सहसा कोणाच्या यात्रेच्या यादींत नसलेलें.

आपट्यास जाण्याचा मार्ग सोपा आहे. मध्य रेल्वेच्या दिवा-पनवेल-रोहा या मार्गावर पनवेल मागें टाकल्यानंतर सोमाटणें, रसायनी आणि मग आपटा अशीं स्टेशनें लागतात. कोंकणांत जाणाऱ्या मोठ्या गाड्या येथें न थांबतां धाडधाड निघून जातात. थांबतात त्या साध्या उतारूंच्या गाड्या, आणि त्याही दिवसांतून मोजक्याच. म्हणून वेळापत्रक पाहून निघावें हें बरें. मोटारीनें येणारांनीं मुंबई-गोवा हमरस्ता धरावा. वाटेंत शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं याच गांवीं झाला. तेथून पुढें कर्नाळ्याच्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका डोक्यावर दिसूं लागला म्हणजे आपटा आतां फार दूर नाहीं असें समजावें.

या खेपेस आम्ही घरचीं सहा माणसें होतों. मार्गशीर्षांतील एकादशी, हवा थंड, आणि मुलांना सुटी. डबा घरून घेतलेला. एकादशी न करणाऱ्या मंडळींसाठीं दशम्या, चटणी व बटाट्याची भाजी, आणि करणाऱ्यांसाठीं साबुदाण्याची खिचडी. तरुण मंडळींचा आपट्यास येण्याचा हेतु एक होता आणि आमच्या आप्पांचा दुसरा.

तरुण मंडळींचा हेतु सिनेमाचा. २० ऑक्टोबर १९९५ रोजीं प्रसिद्ध झालेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या हिंदी बोलपटाचा शेवटचा प्रसंग वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. निघालेली आगगाडी, तिच्या दारांत उभा राहिलेला नायक, आणि फलाटावरून धांवणारी नायिका. कथेंत हें स्टेशन पंजाबांतील दाखविलें आहे. पण प्रत्यक्षांत तो प्रसंग चित्रित झाला तो या आपट्याच्या फलाटावर. मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहांत ज्या बोलपटाचे खेळ वीस वर्षांहून अधिक काळ चालले, त्याचा शेवट जेथें झाला ती जागा पाहावयाची म्हणून आमची पुतणी सकाळपासून उतावीळ झाली होती. उतरल्याबरोबर तिनें फलाटावर पन्नास पावलें धांवूनही पाहिलें. गाडी मात्र तोंवर निघून गेली होती, एवढेंच काय तें कमी.

स्टेशन पाहून तिचा थोडा हिरमोड झाला असावा. कारण येथें पाहण्यासारखें असें कांहींच नाहीं. लहानसा शांत फलाट, आजूबाजूस झाडी, पलीकडे भातकापणी झालेलीं शेतें, आणि क्षितिजावर डोंगरांची ओळ. परंतु गर्दींत राहणाऱ्या माणसाच्या मनास जी स्वस्थता पाहिजे असते, ती येथें भरपूर आहे. गाडी गेल्यानंतर रुळांचा जो बारीक नाद थोडा वेळ उरतो, तो नाहींसा होईपर्यंत कान देऊन उभें राहावें, एवढें हें स्टेशन निवांत आहे.

आतां आप्पांचा हेतु. आप्पा म्हणजे आमचे थोरले चुलत बंधू. वय सत्तरीच्या घरांत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन १९७८ सालीं ते या भागांतील एका कारखान्यांत नोकरीस लागले आणि पहिलीं सात-आठ वर्षें येथेंच, चार सोबत्यांबरोबर खोली घेऊन राहिले. पुढें बदली झाली, बिऱ्हाड पुण्यास गेलें, मुलांचीं शिक्षणें, बहिणींचीं लग्नें, सर्व यथासांग पार पडलें. सेवानिवृत्त होऊनही आतां बरींच वर्षें झालीं. आणि सध्यां, वाचकांस ऐकून नवल वाटेल, आप्पा बास गिटार वाजवावयास शिकत आहेत.

आप्पा फलाटाच्या टोकाशीं जाऊन उभे राहिले आणि काठीनें पलीकडची दिशा दाखवून म्हणाले, "आमच्या वेळीं रूळ येथें संपत असत. पुढें नुसतीं शेतें. संध्याकाळीं पाळी सुटली कीं आम्ही फिरत फिरत येथें येत असूं. मला तर वाटे कीं जगच येथें संपतें."

आप्पांचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. दिवा-पनवेल मार्ग १९६० नंतरच्या दशकांत झाला व तो कारखान्यांच्या सोयीसाठीं आपट्यापर्यंत आणला गेला. पुढें जवळ जवळ वीस वर्षें आपटा हेंच त्या मार्गाचें शेवटचें टोंक होतें. १९८६ सालीं रूळ रोह्यापर्यंत गेले. आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं संपूर्ण कोंकण रेल्वे खुली झाल्यावर तोच मार्ग गोवें, कारवार ओलांडून मंगळूरपर्यंत जाऊन भिडला. जें शेवटचें स्टेशन होतें तें कित्येक मधल्या स्टेशनांपैकीं एक होऊन बसलें.

फलाटावरून आम्ही नदीकडे निघालों. पाताळगंगा ही कांहीं मोठी नदी नव्हे. खंडाळ्याच्या घाटाखालून, खोपोलीच्या बाजूनें ती येते आणि पुढें धरमतरच्या खाडीस मिळते. परंतु कोंकणांतल्या पुष्कळ नद्या होळीच्या सुमारास कोरड्या पडत असतां हिला मात्र बारा महिने पाणी असतें. याचें कारण १९१५ सालीं टाटांनीं खोपोलीस सुरू केलेलें वीजघर. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी मोठ्या नळांतून खालीं सोडून त्याच्या जोरावर वीज उत्पन्न करतात आणि काम झालेलें पाणी या नदींत येतें. तेंच पुढें खालच्या गांवांस ऐन उन्हाळ्यांत पुरतें. या बारमाही पाण्याच्या आधारानेंच जवळच्या रसायनीस कारखाने उभे राहिले. तेथील 'हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स' ही सरकारी कंपनी १९६० सालीं स्थापन झाली. तिच्या रसायनी येथील बहुतेक शाखा बंद करण्याचा निर्णय केंद्रसरकारनें २०१७ सालीं घेतला. ज्या माणसांनीं तारुण्य येथें काढलें, त्यांतील अनेकांनीं रसायनीच्या कारखान्यांचा हा उत्कर्षापकर्ष डोळ्यांनीं पाहिला आहे.

नदीकांठीं एका झाडाखालीं सतरंजी पसरून फराळ झाला आणि मग मुलांनीं आप्पांना गिटारीविषयीं छेडलें. बास गिटार म्हणजे काय हें आमच्यासारख्या पेटी-तबल्याच्या घरांत वाढलेल्या माणसास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. म्हणून आप्पांनीं जें सांगितलें तें वाचकांसाठीं येथें देतों.

साध्या गिटारीस सहा तारा असतात, हिला बहुधा चार. त्या पुष्कळच जाड, आणि त्यांचा स्वर साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून बरोबर एक सप्तक खालचा. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. पूर्वीं पाश्चात्य वाद्यवृंदांत हें खालच्या सुराचें काम माणसाहून उंच अशा एका सारंगीच्या जातीच्या वाद्याकडे असे. तें उभें धरून वाजवावें लागे, गाडींतून नेतां येत नसे, आणि इतर वाद्यांच्या गलबल्यांत ऐकूंही येत नसे. म्हणून कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर या कारागिरानें १९५१ सालीं विजेवर चालणारी, गळ्यांत अडकवितां येईल अशी बास गिटार बाजारांत आणली. दांडीवर पडदे बसविल्यामुळें बोट कोठें ठेवावें हा प्रश्नही सुटला. त्यापूर्वींही असे प्रयत्न झाले होते. पण सर्वत्र पसरली ती फेंडरची.

"म्हणजे आपल्या तंबोऱ्याची चौथी तार!" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. त्या लहानपणीं गाणें शिकल्या आहेत. उपमा अगदीं बरोबर नसली तरी फार चुकलेलीही नाहीं. तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं पहिली पंचमाची किंवा मध्यमाची, मधल्या दोन जोडाच्या, आणि शेवटची पितळेची जाड तार खर्जाची. मिरजेस पिढ्यान्‌पिढ्या जे तंबोरे होत आले आणि ज्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें, ते पारखतांना जाणकार प्रथम ही खर्जाची तार छेडून पाहतात. गाणाराचें गाणें आपण ऐकतों. खर्जाची तार ऐकत नाहीं. परंतु ती तुटली तर गाणें तेथेंच थांबतें. बास गिटार मात्र एकाच सुरावर थांबत नाहीं. ती तबल्याच्या ठेक्याचा हात एका हातीं व गाण्याचा हात दुसऱ्या हातीं धरून चालते. ताल व सूर यांचें लग्न लावणारी ती मध्यस्थ, असें आप्पांचें वर्णन.

असा हा मध्यस्थ सहसा कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. राहुल देव बर्मन यांचीं गाणीं आमच्या पिढीस तोंडपाठ आहेत. परंतु त्यांच्या वाद्यवृंदांत बास गिटार वाजविणारे टोनी वाझ यांचें नांव किती जणांना सांगतां येईल? अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं जेम्स जेमरसन नांवाचा बासवादक होता. उजव्या हाताच्या एकाच बोटानें तो वाजवीत असे. जगभर गाजलेल्या कितीएक तबकड्यांत त्याचें वादन आहे. पण १९७१ सालीं एका तबकडीच्या वेष्टनावर त्याचें नांव छापून येईपर्यंत श्रोत्यांना तो कोण हें माहीत नव्हतें.

आणखी एक गंमत अशी कीं, हें वाद्य पुष्कळांनीं आपण होऊन निवडलेलें नसतें. तें रिकामी जागा भरण्यासाठीं हातीं येतें. बीटल्स या इंग्रज गटाचा बासवादक १९६१ सालीं गट सोडून गेला, दुसरा कोणी तें काम घ्यावयास तयार होईना, तेव्हां पॉल मॅकार्टनी यांनीं तें पत्करलें. कॅरल के या बाई मूळच्या गिटारवादक. १९६३ सालीं एका ध्वनिमुद्रणास बासवादक आलाच नाहीं, म्हणून त्यांनीं तें वाद्य हातीं घेतलें, आणि पुढें त्यांचें नांव झालें तें त्यावरच. आप्पांचेंही असेंच झालें. गेल्या तीन-चार वर्षांपूर्वींची गोष्ट. सोसायटीच्या गणेशोत्सवासाठीं त्यांच्या नातवानें व त्याच्या मित्रांनीं एक वाद्यवृंद जमविला. एक गिटारवाला, एक पेटीवाला, एक ढोलवाला, गाणाऱ्या दोन मुली. बास वाजवावयास कोणी नाहीं. ज्याला त्याला पुढें उभें राहावयाचें! दिवाणखान्यांत ही चर्चा चालली असतां कोपऱ्यांतल्या खुर्चींतून आप्पा म्हणाले, "मला शिकवाल का?"

घरांत प्रथम हंशा पिकला, हें सांगावयास नकोच. कोणी म्हणालें, आजोबा, तुम्ही टाळ घ्या. कोणी म्हणालें, या वयांत गुडघे सांभाळावेत. आप्पांच्या सूनबाईंनीं मात्र एवढेंच विचारलें, "तें वाद्य किती जड असतें?"

प्रौढपणीं, किंबहुना उतारवयांत, माणसास नवें वाद्य शिकण्याची बुद्धि कां व्हावी, आणि त्यांतही हें खालच्या सुराचें वाद्य कां आवडावें, याचा आम्ही नदीकांठीं पुष्कळ खल केला. एक कारण उघड आहे: तारुण्यांत राहून गेलेली हौस. आप्पांच्या त्या खोलींतल्या सोबत्यांत गोव्याकडचा एक जण होता. रात्रीं तो साधी गिटार घेऊन बसे आणि इतर गात असतांना अंगठ्यानें नुसती जाड तार वाजवून साथ करी. आप्पांना गाण्यापेक्षां तो अंगठ्याचा आवाज आवडे. पण तेव्हां पगारांतून घरीं मनीऑर्डर जावयाची. वाद्य घेण्याचा विचार मनांत आणणेंही पाप वाटे. अशा दाबून ठेवलेल्या इच्छा कित्येक घरांत असतील. दुसरें कारण सोबत. सतार किंवा बांसरी एकट्यानें वाजवितां येते. बास गिटार एकट्यानें वाजविण्यांत फारसा अर्थ नाहीं. जो ती घेतो त्याला चार माणसांत जाऊन बसावें लागतें, आणि निवृत्त माणसास नेमकें तेंच दुर्मिळ झालेलें असतें. तिसरें कारण स्वभावाचें. विशीमध्यें आपला आवाज सर्वांच्या वर ऐकूं जावा असें वाटतें. साठीनंतर, शहाणपण आलें असेल तर, दुसऱ्याचा आवाज आपल्या आधारानें नीट लागावा यांत अधिक समाधान वाटूं लागतें.

परंतु आप्पांचें खरें कारण यांपैकीं कोणतेंच नव्हतें. तें त्यांनीं फार सावकाश, नदीकडे पाहत सांगितलें.

वय वाढतें तसें माणसाचें ऐकणें कमी होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें सरसकट कमी होत नाहीं. आधीं जातात ते उंच सूर. खालचे सूर पुष्कळ काळ टिकतात. उंच सुरांबरोबर स, श, त, फ यांसारख्या अक्षरांचे सूक्ष्म भेदही जातात. त्यामुळें कोणी बोलत आहे हें कळतें, पण काय बोलत आहे हें कळत नाहीं. आणि त्यांतही बायकांचे व मुलांचे बारीक आवाज आधीं हरवतात. "घरांत बारा माणसें," आप्पा म्हणाले, "सगळीं माझ्यावर माया करणारीं. पण जेवतांना हंसूं कशाचें चाललें आहे तें मला कळेना. दोनदां विचारावें, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. मग मी नुसता हंसूं लागलों. मग लवकर उठूं लागलों. पुढें पुढें ताट खोलींत मागवूं लागलों. आणि एके दिवशीं त्या मुलांच्या तालमींत तो जाड सूर वाजला, तेव्हां तो मला सबंध ऐकूं आला. कानांनीं आणि छातींतही. कितीतरी दिवसांनीं घरांतली एखादी गोष्ट मला दुसऱ्यांइतकीच ऐकूं आली होती."

कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतणी उठली व आप्पांच्या उजव्या बाजूस जाऊन बसली; तो कान त्यांचा त्यांतल्या त्यांत बरा आहे.

आप्पा कर्णयंत्र लावतात. लावावेंच असें आमचेंही सर्वांस सांगणें आहे. यंत्रानें बोलणें पुष्कळ सुधारलें. परंतु यंत्रानें बोलणें ऐकूं येतें, तरी बैठकींत आपली जागा आपणच मिळवावी लागते. ती जागा त्यांना चार तारांनीं मिळवून दिली.

शिकणें सोपें गेलें असें मात्र कोणी समजूं नये. पहिले दोन महिने बोटांचीं टोंकें सोललीं. मग तीं हळूहळू घट्ट झालीं. डाव्या हाताची करंगळी वांकत नाहीं, म्हणून पूर्ण लांबीच्या, ३४ इंच तारेच्या वाद्याऐवजीं ३० इंच तारेचें लहान वाद्य घेतलें. त्यांत बोटें कमी ताणावीं लागतात. वजन सुमारें चार किलो, म्हणून बसून वाजवावयाचें. रियाज सकाळीं अर्धा तास व संध्याकाळीं अर्धा तास, आणि तोही कानांवर श्रवणयंत्रें चढवून. त्यामुळें वाद्य वाजत असतांही घरांत कोणास त्रास नाहीं. आठवणशक्ति तरुणांसारखी नाहीं हें खरें. पण आप्पा म्हणतात, चुकीची घाई करण्याची हौसही तरुणांसारखी नाहीं, त्यामुळें वजाबाकी सारखीच होते.

शिकविणारा गुरु चोवीस वर्षांचा. आप्पा त्यास 'सर' म्हणतात आणि तो त्यांना 'काका' म्हणतो. गुरुपौर्णिमेस आप्पांनीं श्रीफळ व उपरणें नेऊन ठेवलें, तेव्हां तो पोर इतका गोंधळला कीं, उलट त्यानेंच वांकून नमस्कार केला. या ठिकाणीं आम्हांस कौत्साची गोष्ट आठवली. वरतंतु ऋषींकडे चौदा विद्या शिकून झाल्यावर कौत्सानें गुरुदक्षिणेचा आग्रह धरला. ऋषींनीं रागानें चौदा कोटि सुवर्णमुद्रा मागितल्या. सर्वस्व दान करून बसलेल्या रघुराजाकडे कौत्स गेला. आणि रघूच्या भयानें कुबेरानें सोनें वर्षविलें. तें सोनें आपट्याच्या झाडावर पडलें असें आपल्याकडे सांगतात, आणि म्हणूनच दसऱ्यास आपण आपट्याचीं पानें सोनें म्हणून लुटतों. गांवाचें नांव आणि झाडाचें नांव एक. त्या गोष्टींत कौत्साचें वय किती होतें हें कोणी विचारीत नाहीं. विद्या मिळाली व ती त्यानें मानाची मानली, एवढेंच महत्त्वाचें.

आणि उशिरां शिकणारांची परंपरा कांहीं आजची नव्हे. सॉक्रेटिस म्हातारपणीं तंतुवाद्य शिकला असें प्राचीन ग्रंथकार सांगतात. रवींद्रनाथांनीं साठी उलटल्यावर चित्रकलेकडे खरें लक्ष दिलें, आणि त्यांच्या चित्रांचें पॅरिस येथें प्रदर्शन झालें तें १९३० सालीं, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं. एवढें दूर कशास जा? १९३१ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक व प्रवेशिका परीक्षांस शाळकरी मुलांच्या रांगेंत बसणाऱ्या पिकल्या केसांच्या गृहिणी आमच्या पाहण्यांत आहेत. संसारांतून हात मोकळे झाले तेव्हां त्यांनीं पेटी उघडली, इतकेंच.

उन्हें कललीं तेव्हां गांवांतून टाळांचा आवाज आला. एकादशीचें भजन. जवळच्या एका देवळांत दहा-बारा माणसें बसलीं होतीं. आम्हीही ओसरीवर जाऊन टेंकलों. पखवाजावर एक वृद्ध गृहस्थ होते. बसल्यावर त्यांनीं प्रथम भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊन पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला, थाप मारून पाहिली, थोडी कणीक कमी केली, पुन्हां थाप मारली. सूर हवा तितका खालीं उतरला तेव्हांच त्यांनीं मान हलविली. आप्पा त्या कणकेच्या गोळ्याकडे इतक्या तन्मयतेनें पाहत होते कीं, भजन सुरू झाल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें नसावें.

भजन संपल्यावर आप्पा पुढें सरकले. "बुवा, किती वर्षें वाजवतां?"

"झालीं कीं आठ-दहा," ते म्हणाले. "शेती पोरांच्या हवालीं केली आन् मग ह्याच्याकडं आलों. आमचे पखवाजी वारले. डावी बाजू धरायला कोन नव्हतं. तुमचं काय?"

आप्पांनीं आपल्या वाद्याचें वर्णन केलें. चार तारा, विजेवर चालतें, नातवंडांबरोबर बसतों. बुवांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें, कणकेचा गोळा सोडवून बाजूला ठेवला आणि विचारलें, "म्हंजे डावी बाजूच ना?"

"हो," आप्पा म्हणाले, "डावी बाजूच."

विलायती वाद्य आणि देशी वाद्य, कारखान्यांतला माणूस आणि शेतांतला माणूस, यांच्यामधील अंतर या एका प्रश्नानें नाहींसें झालें. आम्ही संगीतावरचे कांहीं ग्रंथ वाचले आहेत. परंतु बास गिटार म्हणजे काय, हें यापेक्षां थोडक्यांत सांगितलेलें आमच्या वाचनांत नाहीं.

परतीच्या गाडीस वेळ होता, म्हणून आप्पांनीं मुलांना आपली जुनी खोली होती ती दिशा, पाळीचा भोंगा ऐकूं येई ती बाजू, असें बरेंच कांहीं दाखविलें. खोली आतां नाहीं. त्या गोव्याच्या सोबत्याचा पत्ताही आप्पांपाशीं नाहीं. या गोष्टीचें त्यांना वाईट वाटलें असावें. पण तें फार वेळ टिकलें नाहीं, कारण येत्या पाडव्याच्या कार्यक्रमांतील एका गाण्याची चाल त्यांना त्या रात्रीं पक्की करावयाची होती, आणि नातू सारखा आठवण करून देत होता.

आपट्यास पाहण्याजोगें कांहीं नाहीं असें आम्हीं वर म्हटलें आहे. तरीही वाचकांनीं एकदां जावें, आणि शक्य तर घरांतील वडील माणसांस बरोबर घेऊन जावें. वर्षाऋतु संपल्यावर भात पिवळें होऊं लागतें तेव्हांपासून माघापर्यंतचा काळ चांगला. पाणी व फराळ बरोबर न्यावा. सवड असेल तर जवळच कर्नाळ्याचें पक्षी-अभयारण्य आहे. सकाळच्या प्रहरीं तेथें पुष्कळ पांखरें ऐकूं येतात. मात्र बरोबरच्या वृद्ध माणसास तीं ऐकूं येतात कीं नाहीं हें हळूच विचारून पाहावें. नाहीं म्हणाले, तर पांखरांचें पुराण तेथेंच थांबवून त्यांना स्टेशनावर न्यावें आणि मोठी गाडी जाईल तेव्हां फलाटावर शेजारीं उभें राहावें. ती धडधड त्यांना नक्की ऐकूं येईल.

आणि घरीं परतल्यावर त्यांनीं एखादें वाद्य, एखादी भाषा, नाहींतर एखादी कला शिकण्याचें मनांत आणलें, तर हंसण्याआधीं आप्पांच्या सूनबाईंसारखा एखादा कामाचा प्रश्न विचारावा. तें किती जड आहे, शिकवणी किती वाजतां, कोणत्या खोलींत बसणार. अशा प्रश्नांनीं घरांत माणसास जागा होते. आपट्यास रूळ संपले होते तेव्हां पुढें नुसतीं शेतें होतीं. पण ज्यांनीं पुढचा मार्ग आंखला त्यांनीं जुनें स्टेशन मोडलें नाहीं, त्यालाच पुढचे रूळ जोडले.